मुलींचे रानातले शिबिर: अंघोळीची काळजी कमी, लघवीची जास्त करा

सुट्टी जवळ आली की पालक शिबिराचे फॉर्म घेऊन दवाखान्यात येऊ लागतात. ‘सदर विद्यार्थिनी शिबिरात सहभागी होण्यास शारीरिकदृष्ट्या सक्षम आहे’ या ओळीखाली सही-शिक्का हवा असतो. मी वजन घेते, छाती तपासते, धनुर्वाताचे इंजेक्शन वेळेवर झाले आहे का ते विचारते (सरकारी वेळापत्रकात ते १० आणि १६ व्या वर्षी असते). मग आईचे प्रश्न सुरू होतात. गाडी लागू नये म्हणून कोणती गोळी देऊ? तीन दिवस अंघोळ मिळाली नाही तर? एवढे लांब केस, धुणार कुठे? प्रश्न रास्तच आहेत. पण मुलीची तब्येत ज्यावर खरी अवलंबून असते, तो प्रश्न क्वचितच कोणी विचारते: तिथे लघवीला कुठे जायचे?

हा लेख १० ते १६ वर्षांच्या मुलींच्या अशा शिबिरांबद्दल आहे, जिथे तंबूत किंवा गडावर दोन ते पाच दिवस मुक्काम असतो, नळ नसतो आणि संडास एकतर नसतो किंवा असून नसल्यासारखा असतो. सह्याद्रीत अशी शिबिरे दिवाळीत, नाताळात आणि मे महिन्यात भरपूर होतात. मुलींना जरूर पाठवा. फक्त पाठवण्यापूर्वी काही गोष्टी घरात मोकळेपणाने बोलून घ्या.

अंघोळ राहिली तरी बिघडत नाही

तीन दिवस अंघोळ न केल्याने कोणी आजारी पडत नाही. घाम आणि धूळ यांनी अंगाला वास येईल, केस चिकट होतील, एवढेच. घाम साचून ओल राहते त्या जागा मात्र रोज पुसायला हव्यात: काखा, जांघा, स्तनांखालची घडी, पायांच्या बोटांमधली जागा. त्यासाठी दोन तांबे पाणी आणि एक पातळ पंचा पुरतो. पंचा ओला करून पिळायचा, आधी तोंड-मान, मग काखा, शेवटी जांघा आणि पाय अशा क्रमाने पुसायचे, मग कोरड्या कपड्याने टिपायचे. तंबूची चेन लावून पाच मिनिटांत होते. केसांना साधी घट्ट वेणी घालावी आणि वर रुमाल बांधावा. कंगवा मात्र स्वतःचाच वापरायचा, नाहीतर घरी येताना उवा सोबत येतात.

मायांग धुण्यासाठी साधे पाणी पुरे. योनीचा आतला भाग स्वतःला स्वच्छ ठेवतो, तिथे साबण, सुगंधी वॉश, डेटॉलचे पाणी यांपैकी काहीही लागत नाही. सुगंधी वाइप्सने तर त्या नाजूक त्वचेची आग होते आणि मुलीला वाटते की आपल्याला काहीतरी संसर्ग झाला. वाइप्स न्यायचेच असतील तर बिनवासाचे न्या, आणि वापरलेले परत आणा. ते कागदाचे दिसले तरी बहुतेकांत प्लॅस्टिकचे धागे असतात.

न प्यायलेले पाणी, रोखून धरलेली लघवी

शिबिराहून आलेल्या मुलीला जळजळ होते म्हणून पालक घेऊन येतात, तेव्हा मी विचारते, ‘दिवसातून किती वेळा जात होतीस?’ उत्तर बहुतेकदा एकच असते: सकाळी एकदा, रात्री अंधार पडल्यावर एकदा. मधल्या वेळी जायला लागू नये म्हणून पाणीच प्यायचे नाही, हा हिशोब मुली न सांगता करतात. आडोसा नाही, सोबत मुलगे किंवा पुरुष ताई-दादा आहेत, कोणी बघेल, हसेल. शाळेतल्या घाणेरड्या संडासामुळे ही सवय आधीच लागलेली असते, शिबिरात ती टोकाला जाते.

मुलींमध्ये लघवीची नळी आखूड असते, मोठ्या बाईतही ती जेमतेम ४ सेंटिमीटर भरते, आणि तिचे तोंड गुदद्वारापासून फार लांब नसते. आतड्यातले ई. कोलाय नावाचे जंतू तिथून मूत्राशयात चढू शकतात. एरवी लघवीच्या धारेबरोबर ते वाहून जातात. पाणी कमी प्यायले आणि लघवी तासन् तास साठवली की त्यांना वाढायला ऊबदार जागा आणि भरपूर वेळ मिळतो. शौचाला जाणेही टाळले तर साचलेला मळ मूत्राशयावर दाब देतो आणि लघवी पुरती रिकामी होत नाही. त्यात डोंगर चढताना घाम. डोके दुखणे, चक्कर, पायात गोळे येणे हेही याच कमी पाण्याचे भाऊबंद.

म्हणून मुलीला ठोक आकडा सांगा: दर तीन-चार तासांनी लघवीला जायचेच, लागली असो वा नसो, आणि झोपण्यापूर्वी एकदा. पाणी पुरेसे आहे की नाही हे लघवीच्या रंगावरून कळते. फिकट पिवळी असेल तर ठीक, गडद पिवळी झाली की लगेच पाणी.

जायचे कसे, हेही सांगावे लागते. शहरातल्या कमोडवर वाढलेल्या मुलींना उकिडवे बसण्याची सवय नसते. त्या अर्धवट वाकून घाईने उरकतात, त्यात मूत्राशय नीट रिकामे होत नाही आणि कपडेही भिजतात. पूर्ण खाली बसायचे, पाय फाकवून, आणि धार थांबल्यावर मनात दहा अंक मोजायचे. घरी बाथरूममध्ये दोन-चार दिवस सराव करून घ्या, हसू आले तरी. जीन्स किंवा घट्ट लेगिंग्ज देऊ नका. सैल ट्रॅक पँट आणि गुडघ्यापर्यंत येणारा कुर्ता असेल तर आडोसा अंगावरच मिळतो. एखादी मोठी ओढणी सोबत असली की मैत्रीण ती धरून उभी राहू शकते. एकटे कधीही जायचे नाही, जोडीने जायचे, रात्री टॉर्च आणि बूट घालून. काठीने आधी गवत हलवायचे. साप, विंचू यांची भीती खोटी नाही, पण टॉर्च आणि बूट असले की ती बरीच कमी होते.

धुण्यासाठी छोटी बाटली वेगळी ठेवा, पिण्याची नको. धुताना आणि पुसताना हात पुढून मागे गेला पाहिजे, मागून पुढे कधीच नाही. हे आईने सहाव्या वर्षी सांगितलेले असते, पण बाराव्या वर्षी पुन्हा सांगायला हरकत नाही. शौचासाठी पाण्याच्या जागेपासून, वाटेपासून आणि तंबूपासून निदान ६० मीटर दूर जायचे, म्हणजे मुलीची साधारण शंभर पावले. एक वीतभर खोल खड्डा करायचा आणि नंतर मातीने बुजवायचा. खुरपे आयोजकांकडे असायला हवे.

लघवी करताना आग, पुन्हा पुन्हा लागणे, ओटीपोटात दुखणे, गढूळ किंवा लालसर लघवी ही संसर्गाची लक्षणे आहेत. आपल्याकडे याला ‘उन्हाळी लागली’ म्हणतात आणि सब्जा, धण्याचे पाणी सुरू होते. पाणी वाढले म्हणून थोडे बरे वाटतेही, पण त्यावर दिवस काढू नका. लघवी तपासून घ्या आणि घरात उरलेली अँटिबायोटिकची गोळी देऊ नका, अर्धवट औषधाने तपासणीही फसते आणि जंतूही चिवट होतात. थंडी वाजून ताप, उलट्या किंवा एका बाजूला बरगडीखाली पाठीत दुखणे असेल तर संसर्ग मूत्रपिंडापर्यंत पोचलेला असू शकतो. त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या, शिबिर अर्धे सोडावे लागले तरी.

पाळी आली तर

मुलीला पाळी सुरू झाली नसेल तरीही पॅड द्या. पहिली पाळी शिबिरात येऊ शकते, आणि तेव्हा तिला काय होतेय हे माहीत नसणे यापेक्षा वाईट काही नाही. सुरू झाली असेल तरी पहिली दोन वर्षे तारखा पक्क्या नसतात. प्रवास आणि दगदग यांनी ती आठवडाभर मागेपुढे होऊ शकते, त्यामुळे ‘तिची तारीख अजून लांब आहे’ यावर विसंबू नका.

पाळी पुढे ढकलण्याची गोळी मागायला पालक येतात. मी लहान मुलींना ती सहसा देत नाही. ती हार्मोनची गोळी आहे. पाळीचे चक्र अजून बसलेले नसताना ती दिली की मध्येच डाग जाणे, मळमळ, नंतर जास्त रक्तस्राव असे प्रकार होतात. घरात कोणाला रक्ताच्या गुठळ्यांचा आजार असेल किंवा मुलीला अर्धशिशी असेल तर ते डॉक्टरांना कळायलाच हवे. मेडिकलच्या दुकानातून परस्पर घेऊन देण्याची ही गोळी नाही. चालणे, चढणे, तंबूत झोपणे यांपैकी काहीही पाळीत वर्ज्य नाही.

पुढचा भाग मुलीलाच वाचायला द्या.

पाळी आली तर घाबरू नकोस, पहिल्यांदा ताईंना सांग. त्यांना यात काही नवीन नाही. पॅड दर चार ते सहा तासांनी बदल, कमी भरले असले तरी, कारण ओल्या पॅडने जांघेत पुरळ येते. रात्री झोपताना नवीन लाव. बदलण्यापूर्वी आणि बदलल्यानंतर दोन्ही वेळा हात धू. पूर्वी कधी वापरला नसशील तर मेन्स्ट्रुअल कप पहिल्यांदा शिबिरात वापरून बघू नकोस. तो घरी दोन-तीन पाळ्यांत जमू दे. टॅम्पॉन वापरत असशील तर आठ तासांच्या वर आत ठेवायचा नाही, त्याने क्वचित पण गंभीर आजार होऊ शकतो. पोटात दुखले तर गरम पाण्याची बाटली रुमालात गुंडाळून ओटीपोटावर धर. आईने दिलेली गोळी काहीतरी खाल्ल्यावरच घे. तासा-दोन तासाला एक पॅड पूर्ण भिजत असेल किंवा उभे राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येत असेल तर ते लपवू नकोस, त्याच वेळी सांग.

वापरलेले पॅड कागदात घट्ट गुंडाळ आणि चेनच्या काळ्या पिशवीत ठेवून परत आण. पुरले तर रानडुकरे आणि कुत्री उकरतात, शेकोटीत टाकले तर अर्धवट जळते आणि प्लॅस्टिकचा धूर होतो. शिबिरात कोणीतरी सांगेलच की पाळीच्या वासाने बिबट्या येतो. अमेरिकेत काळ्या अस्वलांवर याचा अभ्यास झाला होता, त्यांनी या रक्ताकडे ढुंकूनही पाहिले नाही. बिबट्या येतो तो कुत्र्यांसाठी आणि शेळ्यांसाठी. कुत्री येतात ती तंबूबाहेर टाकलेल्या उष्ट्यासाठी. तेव्हा उष्टे नीट आवर आणि निवांत झोप.

आता पुन्हा पालकांशी. कितीतरी गडांवर मुक्काम देवळात करण्याची रीत आहे. राजगडावरचे पद्मावतीचे देऊळ अनेकांना आठवेल. अशा ठिकाणी पाळी आलेल्या मुलीला बाहेर पडवीत झोपायला सांगितले जाईल, या धास्तीने मुली पाळी लपवतात आणि एकच पॅड रात्रभर आणि मग दिवसभर ठेवतात. तुमच्या घरची रीत काहीही असो, आयोजकांना हे आधी विचारा: मुक्काम देवळात असेल तर पाळी आलेली मुलगी कुठे झोपेल? तिला एकटी बाहेर ठेवणार असाल, तर दुसरे शिबिर बघितलेले बरे. याच फोनवर आणखी तीन गोष्टी विचारून घ्या: रात्री मुलींसोबत किती बायका असतात, लघवीसाठी आडोसा केलेला असतो का, आणि जवळचे प्राथमिक आरोग्य केंद्र किती अंतरावर आहे. १०८ ची रुग्णवाहिका मोफत येते, पण ती गाडीरस्त्यापर्यंतच. तिथपर्यंत मुलीला कोण आणि कसे आणणार, हे आयोजकांना तयार सांगता आले पाहिजे.

हात आणि पाणी

शिबिरात एका मुलीला जुलाब झाले की दुसऱ्या दिवशी पाच जणींना होतात. बहुतेकदा दोष स्वयंपाकाला दिला जातो, पण अनेकदा तो सगळ्यांच्या हातात असतो. चिवड्याच्या एकाच पुड्यात दहा हात जातात, पोह्यांचा एकच डाव सगळ्यांच्या हातातून फिरतो. खाऊ पुड्यातून तळहातावर ओतून घ्यायचा, पुड्यात हात घालायचा नाही, एवढ्या एका नियमाने बरेच काही टळते.

सॅनिटायझर सोबत असावा, पण त्यावर पूर्ण भिस्त नको. हाताला माती, तेल लागलेले असेल तर तो नीट काम करत नाही, आणि उलट्या-जुलाब करणाऱ्या काही विषाणूंवर तो तोकडा पडतो. शौचानंतर आणि जेवणापूर्वी साबण आणि वाहते पाणीच हवे, वीस सेकंद चोळून. नळ नसेल तर पाच लिटरच्या प्लॅस्टिकच्या कॅनला वरच्या बाजूला खिळ्याने भोक पाडायचे, दोरीने फांदीला टांगायचे आणि खाली दुसरी दोरी बांधून पायाने ओढायची व्यवस्था करायची. कॅन कलला की बारीक धार येते, साबण बाजूला टांगलेला. थोड्या पाण्यात पन्नास मुलींचे हात निघतात, आणि मुलींना ते बनवायला आवडतेही.

गडावरच्या टाक्यांतले पाणी थंड आणि गोड लागते, पण त्यात पावसाबरोबर वरची माती, शेण, माकडांची घाण उतरते. ते गाळून उकळूनच प्यायचे. खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट पुरते. कळसूबाई हे राज्यातले सर्वांत उंच शिखर, तेही १६४६ मीटर, त्यामुळे सह्याद्रीत कुठेही हाच हिशोब. हिमालयातल्या शिबिरात, २००० मीटरच्या वर, तीन मिनिटे उकळावे. क्लोरीनची गोळी वापरली तर निदान अर्धा तास थांबायचे, आणि पाणी गढूळ असेल तर आधी फडक्याने गाळायचे. पिण्याच्या टाक्यात हात, ताट, पंचा काहीही बुडवायचे नाही. पाणी काढून, लांब नेऊन वापरायचे. आपल्यानंतर येणारी माणसे आणि गुरे तेच पाणी पिणार असतात.

जुलाब झालेच तर ओआरएसची मोठी पुडी एक लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून घोट घोट द्यायची. अर्धी पुडी, अंदाजाने पाणी असे करू नये.

ओले कपडे

मुली अंतर्वस्त्रे उघड्यावर वाळत घालत नाहीत. टॉवेलखाली, ओढणीखाली लपवून टाकतात, ती सकाळपर्यंत दमटच राहतात आणि तशीच घातली जातात. दिवसभर घाम, वर ओलसर कपडा, की जांघेत गजकर्ण उठायला वेळ लागत नाही. शिबिरात धुण्याच्या भानगडीत न पडता दिवसाला एक आणि वर दोन जास्त अशा सुती निकर भरून द्या. वापरलेल्या वेगळ्या पिशवीत परत येऊ द्या. मोज्यांचेही तेच. ओल्या बुटात पाय राहिले की चिखल्या होतात, म्हणून रात्री पाय कोरडे करून उघडे ठेवावेत.

गोल, कडेला लाल, खाजणारा चट्टा दिसला तर दुकानातून ‘खाजेची ट्यूब’ आणू नका. त्यांतल्या बऱ्याच मलमांत स्टेरॉइड मिसळलेले असते. दोन दिवस खाज थांबते, मग तोच चट्टा दुप्पट पसरतो. मला हे रुग्ण पावसाळ्यानंतर रांगेने दिसतात.

घरी आल्यानंतर

पहिल्या अंघोळीच्या वेळी मुलीला अंग नीट पाहायला सांगा: कानामागे, काखेत, कमरेच्या नाडीच्या रेषेवर, जांघेत. गोचीड चिकटलेली दिसली तर रॉकेल, चटका, तेल असे काही न करता चिमट्याने त्वचेच्या अगदी जवळ धरून सरळ ओढायची, मग साबणाने धुवायचे. सिंधुदुर्गात दोडामार्ग भागात २०१६ पासून आणि गोव्यात सत्तरीत माकडताप आढळला आहे, तो गोचिडांमुळेच पसरतो. हिवाळा-उन्हाळ्यात त्या रानांत शिबिर असेल तर लांब बाह्या, पँट मोज्यात खोचणे आणि जमिनीवर पाल्यात न बसणे हे पाळायलाच हवे.

दुसरा आजार स्क्रब टायफस. पावसाळ्यानंतर गवतात असणाऱ्या, डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या माइटच्या अळ्या चावल्याने तो होतो. २०१८ मध्ये नागपूर भागात त्याची साथ आली होती. चावल्यानंतर साधारण एक ते तीन आठवड्यांत जोराचा ताप, डोकेदुखी, अंगदुखी सुरू होते. चावलेल्या जागी अनेकदा सिगारेटचा चटका बसल्यासारखी काळी खपली असते. ती दुखत नाही, खाजत नाही, आणि नेमकी जांघेत, काखेत किंवा स्तनाखाली असते, म्हणजे मुलगी सांगणार नाही आणि डॉक्टर सहज पाहणार नाहीत. वेळेवर ओळखला तर हा आजार स्वस्त औषधाने बरा होतो. उशीर झाला तर फुप्फुस, मेंदू, मूत्रपिंड यांवर जातो. पावसाळी शिबिरानंतर लेप्टोचाही विचार करावा लागतो. पायाला जखम असताना चिखलपाण्यात चालल्याने तो होतो. त्यात पोटऱ्या खूप दुखतात आणि डोळे लाल होतात.

म्हणून शिबिरानंतर महिनाभरात ताप आला तर ‘ही अमुक तारखेला अमुक रानात राहून आली आहे’ हे डॉक्टरांना आपणहून सांगा, त्यांनी विचारण्याची वाट पाहू नका. आणि जाण्यापूर्वी घरी आईने किंवा मोठ्या बहिणीने काळी खपली कुठे आहे का ते पाहून घ्या. दवाखान्यात दाखवायला मुलगी लाजत असेल तर महिला डॉक्टर मागा, नाहीतर आईने सोबत थांबावे, पण ती जागा तपासून घेतल्याशिवाय घरी परतू नका.